एक बॅटरीची, एक बिनबॅटरीची

मास्तरांनी दोन बेस गिटारी आमच्या दुकानाच्या काउंटरवर आडव्या ठेवल्या आणि म्हणाले, "आठ-दहा दिवस दोन्ही वाजव. एक आपण ठेवायची, एक परत करायची. कोणती, ते तू ठरव."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. महाडच्या बाजारपेठेत बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बी.एस्सी. झाल्यावर मी दिवसभर तिथेच बसायचे. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रा चालवायचे. की-बोर्ड ते स्वतः वाजवत. लग्नाचे स्वागतसमारंभ, गावांचे उत्सव, कारखान्यातल्या पूजा, असे आमचे कार्यक्रम. मी आधी कोरसमध्ये गायचे. आमचा बेसवाला बिरवाडीत खोली घेऊन राहणारा कारखान्यातला कामगार होता. तालमीत मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसायचे आणि त्याची बोटं बघायचे. गाण्यात मला सगळ्यात आधी बेसचाच, तो खालचा खर्जाचा आवाज ऐकू यायचा. वापीला नोकरी लागून तो निघून गेला तेव्हा मास्तरांनी नवा माणूस शोधायला सुरुवात केली. मी म्हटलं, "शोधू नका. मी वाजवते." त्यांनी त्याच संध्याकाळी चार गाणी वाजवून घेतली आणि शोध थांबवला.

ऑर्केस्ट्राची जुनी गिटार तिसऱ्या पावसाळ्यात वाकली. तिचा दांडा असा कमानीसारखा झाला की वरच्या पट्टीत बोट दाबायला अंगठ्यासकट सगळा हात लागायचा. मी तीही वाजवली, जोर लावून वाजवली. पण शेवटी तिला राम राम करावा लागला.

या दोन गिटारी एका म्हाताऱ्या वादकाच्या होत्या. मुंबईत स्टुडिओंत आयुष्यभर बेस वाजवलेला माणूस. बोटांचे सांधे धरले म्हणून तो दर वर्षी महाडजवळच्या सव गावी, गरम पाण्याच्या झऱ्यांवर महिनाभर येऊन राहायचा. मास्तरांशी त्याची ओळख तिथेच झाली. आता वाजवणं होत नाही, एक गिटार वाजवणाऱ्या हातात द्यायची आणि एक आपल्याजवळ ठेवायची, असं त्याने ठरवलं होतं. किंमत दोन्हींची एकच सांगितली होती. कोणती द्यायची ते मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

"वाजवणाऱ्याला ठरवू दे, म्हणाला," मास्तर म्हणाले. "पण माझं मत विचारशील तर ही काळी घे. पाच बटणं आहेत. स्टेजवर कशी भारी दिसते बघ."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हातात पेचकस घेतला. "बटणं वरून मोजायची नसतात, मास्तर. आत काय आहे ते बघायचं असतं."

मास्तर घाबरले. "अहो, अजून आपली नाही ती!"

"उघडून बघण्यात काय जातंय? चार स्क्रू तर आहेत."

आधी तपकिरी गिटार उघडली. हिचा रंग जिथे मनगट टेकतं तिथे झिजून आतलं लाकूड दिसत होतं. आत जवळजवळ काहीच नव्हतं. तारांखाली लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार, म्हणजे पिकअप. त्याच्या दोन वायरी, आवाजाचं एक बटण, टोनचं एक बटण आणि त्याला टाचलेला एक कपॅसिटर. बाबांचा चेहरा खुलला. जुना ओळखीचा माणूस भेटावा तसे ते त्या कपॅसिटरकडे बघत राहिले.

"जुन्या रेडिओचा टोन कंट्रोल असाच असायचा," ते म्हणाले. "पन्नास वर्षं काही होत नाही याला."

मग काळी. तिच्या पोटात एक छोटी सर्किटची पट्टी होती, त्यावर एक आयसी, आणि बाजूच्या खणात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. तिच्या पिकअपमध्ये तारेची दोन उलटसुलट वेटोळी जोडीने होती, बाहेरची गुणगुण आपसांत मिटवणारी. खर्ज आणि चढा सूर यांना वेगवेगळी बटणं. प्रत्येक बटण मध्यावर आलं की हलकेच टक्क व्हायचं.

"फरक साधा आहे, बाय," बाबा मला म्हणाले. "त्या तपकिरीत जे आहे त्यातलं कमी करता येतं. हिच्यात कमीही करता येतं आणि वाढवताही येतं. पण वाढवायचं म्हटलं की खायला घालावं लागतं. मी असतो तर तपकिरी घेतली असती. ज्यात कमी भाग, त्यात कमी बिघाड."

एकाचं मत काळी, एकाचं तपकिरी. मी दोघांनाही म्हटलं, "मी वाजवून बघते."

मला तेव्हा तेविसावं चाललं होतं आणि स्वतःच्या कानावर माझा पुरता विश्वास होता. आज वाटतं, तो विश्वास होता म्हणूनच पुढचं सगळं जमलं.

दुकानातल्या दुरुस्तीला आलेल्या एका ॲम्प्लिफायरवर मी दोन्ही आळीपाळीने लावल्या. काळी स्वच्छ बोलायची. खालची जाड तार छेडली की काउंटरवरच्या डब्यांतले स्क्रू थरथरायचे, आणि तरी सूर कसा रेखीव. पण ती चुगलीही करायची. बोट तारेवरून घसरलं तर ते घसरणंही ऐकू यायचं. तपकिरी पोटातून बोलायची. तिच्या आवाजाला कडा नव्हत्या, माझ्या लहानसहान चुका ती पदराखाली घ्यायची. पहिले दोन दिवस मला तीच आवडली होती, हे मान्य केलं पाहिजे.

म्हणून पहिल्या कार्यक्रमाला मी तपकिरी नेली. महाडमध्येच, एका हॉलमध्ये, भर दुपारी लग्नाचा स्वागतसमारंभ होता. साउंडवाल्याने आपलं मिक्सर हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, जेवणाच्या दाराशी मांडलं होतं. तिथपर्यंत माझी वायर न्यायची म्हणून त्याने दोन लांब तुकडे जोडून दिले. मी पहिला सूर काढला आणि माझा मलाच ओळखू येईना. दुकानातला तो उबदार आवाज कांबळं पांघरून झोपल्यासारखा झाला होता. टोनचं बटण पूर्ण उघडलं तरी काही उपयोग नाही. बाबा म्हणाले होते तेच, जे आहे त्यातलं फक्त कमी करता येतं, आणि जे होतं ते त्या लांबलचक वायरीनेच वाटेत गिळलं होतं.

त्यात भर म्हणजे डेकोरेटरने स्टेजच्या पाठीमागे ट्यूबलाइटची कमान केली होती. ती लागली आणि माझ्या स्पीकरमधून भुंगा शिरल्यासारखं 'घूंऽऽ' सुरू झालं. साउंडवाला लांबून हातवारे करायला लागला. मी थोडी वळले तर भुंगा कमी झाला. आणखी वळले, ड्रमवाल्याकडे तोंड आणि प्रेक्षकांकडे खांदा केला, तेव्हा तो जवळजवळ गेला. आतल्या तारेच्या वेटोळ्याची दिशा बदलली की गुणगुण कमी होते, हे मला रेडिओच्या एरियलवरून ठाऊक होतं. मग सगळा कार्यक्रम मी तशीच उभी राहून वाजवला.

पुढच्या रांगेत नवऱ्या मुलाची गावाकडची आत्या बसली होती. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्यापाशी आली, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाजवलंस ग्वाड हो. पण लाजतेस कशाला गो एवढी? तोंड फिरवून नाय वाजवायचं."

मी तिला ट्यूबलाइटचं सांगायला गेले, पण ती हसून पुढे गेली. मला फार राग आला. लाजण्याचा आणि माझा कधी संबंध नव्हता.

दुसरा कार्यक्रम पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत होता. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार झाला होता आणि मुंबईला राहणारे वाडीतले लोक मे महिन्यात झाडून सगळे आले होते. सकाळी कलश चढला, दुपारी महाप्रसाद, आणि त्यानंतर उन्हं उतरेपर्यंत आमचा ऑर्केस्ट्रा. टेम्पो वाडीच्या खालच्या वळणापर्यंतच गेला. तिथून सामान गावकऱ्यांनी खांद्यावर वर आणलं. या खेपेला मी फक्त काळी नेली होती.

सुरुवात अशी झाली की मास्तरांनी पहिल्याच गाण्यात की-बोर्डवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. देवळापुढच्या मोकळ्या जागेत, जिथे आवाज धरून ठेवायला एक भिंत नव्हती, तिथे माझा खर्ज समोरच्या उतारापर्यंत जात होता. वायर इथेही लांबच होती, जनरेटरही जवळच होता, पण आवाज जसा बोटातून निघत होता तसाच पलीकडे पोहोचत होता. वर कातळावर बसलेली गुरं राखणारी माणसं मान डोलावत होती. मी खर्जाचं बटण मध्यापासून जरा पुढे नेलं. जमीन बोलायला लागली. मी प्रेक्षकांकडे तोंड करून, पाय रोवून उभी होते.

पाचवं की सहावं गाणं चालू असताना आवाज फाटायला लागला. आधी वाटलं, स्पीकर गेला. मग आवाज बारीक झाला, आणि अंतऱ्याच्या मध्यात पूर्णच बंद. मी तारा छेडत होते आणि काही निघत नव्हतं. मास्तरांनी डाव्या हाताने की-बोर्डवर बेस धरून कसंबसं गाणं पुरं केलं.

मला काय झालं ते त्याच क्षणी कळलं होतं. या जातीच्या गिटारीत वायर खोचली की बॅटरी चालू होते आणि वायर काढली की बंद. दुकानात सराव करून मी चार दिवस, चार रात्री वायर तशीच खोचून ठेवली होती. बॅटरी म्हाताऱ्या वादकाच्या वेळची, आधीच अर्धी संपलेली. उरलेली मी संपवली.

मास्तर घाम पुसत आले. "दुसरी बॅटरी?"

"नाही आणली."

 त्यांनी सरळ माईक घेतला आणि म्हणाले, "मंडळी, थोडी अडचण आहे. कुणाच्या घरी बॅटरी असेल तर कृपा करून आणून द्यावी."

पाच मिनिटांत देवळापुढे पंधरा-वीस विजेऱ्या जमा झाल्या. वाडीत बॅटरी म्हणजे हातात धरायची विजेरी, हे मास्तर विसरले होते. लांब, आखूड, पितळेच्या, पत्र्याच्या. एका काकींनी आपली तीन सेलची विजेरी माझ्या हातात कोंबली. "ही घे गो. नवे सेल हायत, कालच आणलेत माझ्या लेकानं."

"काकी, मला उजेड नको, मला ती चौकोनी बॅटरी पाहिजे होती," मी म्हणाले.

"चौकोनी नाय रे बाबा कुणाकडं," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मास्तरांचा चेहरा पडला.

मी त्या विजेरीचं मागचं झाकण फिरवलं आणि सेल हातावर घेतले. एक, दोन, तीन. एकेक सेल दीड व्होल्टचा. तिन्ही मिळून साडेचार. मी काकींकडे पाहिलं, मग शेजारच्या माणसाच्या विजेरीकडे पाहिलं. तीही तीन सेलची होती.

"काका, तुमची पण द्या," मी म्हणाले. "आणि कुणीतरी सायकलची जुनी ट्यूब आणा. मास्तर, दोन गाणी बेसशिवायची घ्या."

उत्सवाचं पत्रक मी घट्ट गुंडाळून नळी केली. सहा सेल एकामागे एक, एकाचं डोकं दुसऱ्याच्या बुडाला लागेल असे आत सारले. दोन्ही टोकांना उदबत्तीच्या पुड्यातला चांदीचा कागद दुमडून लावला, त्यावर डेकोरेटरच्या वायरीचे सोललेले तुकडे, आणि सगळं उभं-आडवं ट्यूबच्या पट्टीने करकचून आवळलं. पेचकस माझ्या पर्समध्ये कायम असायचा. गिटारीचा खण उघडून मेलेली बॅटरी काढली आणि वायरी पिळून बसवल्या. अधिक कुठे, उणे कुठे, हे तीनदा तपासलं. उलटं लागलं असतं तर आतला आयसी जळाला असता, आणि ती गिटार अजून आमची नव्हती.

ती नळी हातभर लांबीची आणि चांगली जड झाली होती. ठेवायची कुठे? मी ओढणी काढली, नळी तीत गुंडाळली आणि कमरेला बांधली.

"पोरीनं कमरपट्टा घातलान!" काकी ओरडल्या.

वायर खोचली. जाड तार छेडली. समोरच्या उतारावरून तिचा आवाज परत आला.

त्यानंतर दीड तास मी वाजवलं, आणि आयुष्यात फार कमी वेळा मी तितकं चांगलं वाजवलं असेन. कार्यक्रम संपल्यावर नळी सोडून सेल परत दिले. त्यावरूनही थोडी गंमत झाली, कारण काकींचं म्हणणं होतं की आपले सेल लाल होते आणि त्या काकांनी बरोबर तेच उचलले. मी सहाही सेल नुसते रंग बघून वाटून दिले. दोघंही खूश दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर दुकानात आले. "झालं ना? माझं चुकलं. बटणांवर भुललो मी. तपकिरी ठेवू, काळी परत."

बाबांना मी रात्रीच सगळं सांगितलं होतं. ते एका टीव्हीच्या पाठीमागून म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं."

"मी काळी ठेवतेय," मी म्हणाले.

मास्तर स्टुलावर बसले. "अगं, काल काय झालं ते विसरलीस?"

"विसरले नाही. काल गिटार बिघडली नव्हती. वायर मी काढली नव्हती. तो दोष माझा आहे, आणि तो परत होणार नाही. पण तपकिरीचं काय करू? हॉल किती लांब, साउंडवाला कुठे बसणार, मागे किती ट्यूबलाइट लावणार, यातलं काही माझ्या हातात नाही. बॅटरी मी पर्समध्ये नेऊ शकते. डेकोरेटरच्या ट्यूबलाइट विझवू शकते का?"

बाबा टीव्हीमागून बाहेर आले. मला वाटलं, वाद घालणार. त्यांनी काळी हातात घेतली, उलटी केली, खणाकडे बघत राहिले.

"आणि समज, पर्समधलीही संपली?" त्यांनी विचारलं.

"मग आवाज सर्किटमधून न नेता सरळ बाहेर जायला हवा. एक बटण बसवता येईल. बॅटरी मेली की बटण टाकायचं, की ही बिनबॅटरीची होते. आवाज जरा दबेल, पण गाणं थांबणार नाही."

"कुठे बसवशील?"

मी बोट ठेवून जागा दाखवली.  ड्रॉवर उघडून त्यांनी तीन-चार छोटी बटणं काढली, कानाशी धरून एकेक वाजवून बघितलं, आणि एक माझ्यासमोर ठेवलं. माझ्या बाबांनी माझं म्हणणं मान्य केल्याची ही पद्धत होती. लाकडाला भोक पाडायला आम्ही मास्तरांनी पैसे देईपर्यंत थांबलो, एवढंच.

तपकिरी परत द्यायला मी एकटीच सवला गेले. म्हातारे वादक कुंडाच्या पायरीवर बसले होते आणि दोन्ही हात मनगटापर्यंत गरम पाण्यात बुडवून होते. त्यांनी मला आधी कधी पाहिलं नव्हतं. खांद्यावरची गिटार बघून म्हणाले, "म्हणजे काळी ठेवलीस."

मी कारणं सांगितली. लांब वायर, ट्यूबलाइट, वाडी, विजेऱ्या. विजेऱ्यांपाशी ते इतके हसले की शेजारी पाय सोडून बसलेल्या बायका वळून बघायला लागल्या.

"तुम्हाला कोणती हवी होती?" मी विचारलं.

"दोन्ही," ते म्हणाले. "म्हणून तर तुझ्यावर सोडलं. मी ठरवायला बसलो असतो तर दोन्ही माझ्याकडेच राहिल्या असत्या, आणि वाजवणारं कुणी नाही."

हात पुसून ते मला जवळच्या आपल्या खोलीच्या ओसरीवर घेऊन गेले. "वाजव बघू काहीतरी." ॲम्प्लिफायर नव्हता. मी तपकिरी मांडीवर घेऊन वाजवली. तेवढ्या शांततेत नुसत्या तारांचा आवाजही पुरेसा होता. ते मात्र ऐकत नव्हते. माझ्या उजव्या हाताकडे बघत होते.

"थांब. इतकी मारतेस का गं तिला?"

मी चमकले. आजवर माझ्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"आधी कसल्या गिटारीवर शिकलीस?"

मी वाकलेल्या दांड्याचं सांगितलं.

"तरीच. तिला मारल्याशिवाय ती बोलत नसेल. पण पोरी, आता जी घेतलीस तिच्यात जोर आतूनच येतो. तू बोटाने जोर लावशील आणि ती वरून जोर लावेल, मग सगळीच गाणी भांडल्यासारखी वाजतील. बोट नुसतं टेकव आणि सोड." त्यांनी माझ्या हातातून गिटार घेतली. बोटं पेरांपाशी सुजून वळली होती. त्यांनी एकच तार, एकाच बोटाने, चार वेळा छेडली. हात हलल्यासारखा वाटलाही नाही. चारही सूर एका मापाचे होते.

"एवढंच होतं आता," ते म्हणाले. "पण एवढं तुला यायला हवं."

मी तीनदा केलं. तिन्ही वेळा त्यांनी नकारार्थी मान हलवली. चौथ्यांदा मान न हलवता चहा टाकायला आत गेले.

तो सगळा पावसाळा मी दुकानाच्या मागच्या खोलीत हात हलका करायला घालवला. कार्यक्रम नसायचे, पावसाने लाइट जायची, ॲम्प्लिफायर बंद असायचा. मी तारेखाली टाचणीच्या जाडीचा कागद सारून ठेवायचे आणि तो हलणार नाही इतक्या अलगद तार सोडायची सवय करायचे. गणपतीत पहिला कार्यक्रम बिरवाडीला, कामगारांच्या चाळीपुढे झाला. साउंडवाल्याने तिसऱ्या गाण्यानंतर येऊन विचारलं, "ताई, आज बेस कमी ठेवलाय का? पण ऐकू तर जास्त येतोय."

"ठेवलाय तेवढाच आहे," मी म्हणाले, आणि पुढच्या गाण्याची पट्टी मास्तरांना विचारली.